आकाशातील शब्दप्रामाण्य
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने या व्याख्यानमालेत विमानांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आकाशात विमाने एकमेकांपासून दूर राखण्याचे काम दिसते यंत्रांचे, चालते मात्र बऱ्याच अंशी शब्दांवर. आणि शब्द कोणाचा मानावा, हा प्रश्न आमच्या वर्गातलाच आहे. न्यायशास्त्राने आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचा, शब्द प्रमाण मानला. दोन आप्त एकाच क्षणी परस्परविरुद्ध सांगू लागले तर काय करावे?

व्यवस्था थोडक्यात अशी. दोन विमानांत उभे अंतर सामान्यतः हजार फूट असावे. ते नसेल तर रडारच्या देखरेखीखाली आडवे अंतर साधारण पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटरांच्या वर, असावे. जमिनीवरचा नियंत्रक उंचीचा आकडा सांगतो, वैमानिक तोच आकडा म्हणून दाखवतो, आणि नियंत्रक तो कान देऊन ऐकतो. पाठशाळेतील संथेची आठवण व्हावी, अशी ही रीत आहे.

या रीतीची मर्यादा आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिली. दिल्लीहून निघालेले सौदी विमान वर चढत होते. त्याला चौदा हजार फुटांची परवानगी होती. समोरून कझाकस्तानचे विमान उतरत होते. त्याला पंधरा हजारांवर थांबायचे होते. तेथे पोहोचल्याचे त्याने कळविलेही, आणि तरीही ते खाली येत राहिले. संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या त्याच्या रेडिओचालकासमोर स्वतःचे उंचीमापक नव्हते. हरियाणातील चरखी दादरीजवळ टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे दगावली. आखातात रोजगारासाठी निघालेले आपले अनेक देशबांधव त्यांत होते. दिल्लीच्या नियंत्रकाजवळचे रडार विमान कोठे आहे एवढेच दाखवीत होते, किती उंचीवर आहे हे नव्हे. उंचीसाठी त्याला कानावर आलेल्या शब्दाचाच आधार होता.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर पुष्कळ सुधारणा झाल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, विमानाकडून उंचीची माहिती मिळवणारे रडार आले, आणि भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांवर टक्करनिवारक उपकरण सक्तीचे झाले. हे उपकरण जमिनीवर अवलंबून नसते. दोन विमानांतील उपकरणे परस्परांशी संधान बांधतात, आणि धोका दिसताच एक आपल्या वैमानिकाला ‘वर चढा’ सांगते, दुसरे ‘खाली उतरा’. चरखी दादरीला जे नव्हते ते मिळाले. परंतु आकाशात आता आज्ञा देणारे दोघे झाले, आणि त्यांतील एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू येत नव्हते.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेन गावाजवळ छत्तीस हजार फुटांवर दोन विमाने एकमेकांच्या मार्गात आली. एक मालवाहू बोइंग. दुसरे रशियन तुपोलेव्ह, सुटीवर निघालेल्या शाळकरी मुलांनी भरलेले. त्यांची जबाबदारी झुरिचच्या केंद्रावर होती. तेथील एक नियंत्रक विश्रांतीला गेलेला. उरलेला एकटा दोन पडदे सांभाळीत होता आणि उशिरा आलेल्या तिसऱ्या विमानाला उतरवीत होता. दुरुस्तीच्या कामामुळे संभाव्य टक्कर पडद्यावर दाखवणारी संगणकीय सूचना बंद होती. मुख्य दूरध्वनीही बंद होता. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातील नियंत्रकांना धोका दिसला, त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केला. तो लागला नाही.

टकरीला पाऊण मिनिटही उरले नसताना झुरिचच्या नियंत्रकाला धोका कळला. त्याने तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. काही सेकंदांत तुपोलेव्हमधील उपकरण म्हणाले, ‘वर चढा’. बोइंगला त्याच्या उपकरणाने उतरायला सांगितले होते, आणि ते उतरत होते. तुपोलेव्हच्या वैमानिकांनी नियंत्रकाचा शब्द मानला. दोन्ही विमाने उतरत एकमेकांवर आदळली. एकाहत्तर जण गेले.

तुपोलेव्हच्या वैमानिकांना दोष देणे मला पटत नाही. कोणाचे ऐकायचे याबद्दल त्या काळच्या नियमपुस्तकांतच एकवाक्यता नव्हती. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हा निर्णय आपल्या धर्मशास्त्रकारांनी विरोध उद्भवण्यापूर्वीच देऊन ठेवला होता. विमानविद्येत तो युबरलिंगेननंतर निःसंदिग्ध झाला: उपकरण आणि नियंत्रक यांत विरोध आला, तर वैमानिकाने उपकरणाचे ऐकावे आणि तसे नियंत्रकाला कळवावे, ते कळल्यावर नियंत्रकाने त्या विमानाला उलट आज्ञा देऊ नये. आमच्या काही मित्रांना हा माणसाचा पराभव वाटतो. मला तसे वाटत नाही. त्या उपकरणाला समोरच्या विमानाला काय सांगितले गेले हे ठाऊक होते. झुरिचच्या नियंत्रकाला नव्हते.

त्या नियंत्रकाची २००४ साली हत्या झाली. मारणाऱ्याने या अपघातात पत्नी आणि दोन्ही मुले गमावली होती. त्याला समोर दिसला तो खुर्चीत बसलेला एक माणूस. रात्री एकट्यावर सारे काम सोपविण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालू दिल्याचा ठपका मात्र चौकशी अहवालाने नियंत्रण संस्थेच्या व्यवस्थापनावर ठेवला होता, आणि २००७ मध्ये स्विस न्यायालयाने निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाबद्दल तेथील चौघांना दोषी ठरविले.