गावचे वाचनालय आणि मुलांच्या हातातील मोबाईल

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून दक्षिणेकडे निघाले, की सुमारे वीस किलोमीटरांवर पावस लागते. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे आणि हापूसच्या बागांमुळे हे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथीलही कित्येक घरांतील माणसे मुंबईस चाकरीला आहेत, आणि गणपतीस व शिमग्यास ती गावी येतात. चाकरमान्याच्या ट्रंकेतून पूर्वी मुलांसाठी खाऊ येई, क्वचित एखादे गोष्टींचे पुस्तकही येई. आता कित्येकदा त्याचा वापरून जुना झालेला मोबाईल येतो. घरात मोठ्या मुलाचा त्यावर पहिला हक्क असतो, आणि धाकट्या बहिणीची पाळी रात्री भांडी आवरल्यावर येते.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती हे यंत्र आल्यापासून वाचनालये ओस पडू लागली, अशी तक्रार शहरांतून व खेड्यांतून सारखीच ऐकू येते. तक्रार खोटी नाही. परंतु ती अर्धी आहे. मोबाईलने वाचनालयाचे एक जुने काम काढून घेतले हे खरे असले, तरी त्याच्या अंगावर दुसरे एक काम टाकलेही आहे. ते काम कोणते, हे वेळीच ओळखणे अगत्याचे झाले आहे.

जुने काम कोणते होते, ते आधी पाहिले पाहिजे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबईचे १८९८ साली निघाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणविले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या भरून फिरत्या ठेवल्या. या सर्व उद्योगामागे एकच विचार होता. पुस्तक महाग होते, दुर्मिळ होते, आणि वाचू इच्छिणारा मनुष्य गरीब होता. तेव्हा सर्वांनी मिळून पुस्तके घ्यावी आणि आळीपाळीने वाचावी, हा वाचनालयाचा पाया. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने त्यास सरकारी अनुदानाचा आधार दिला, आणि पुढे खेडोपाडी लहान लहान वाचनालये उभी राहिली.

हा पाया दोन टप्प्यांत हलला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा मोबाईलवर भरू लागल्या, आणि ज्या घरांनी तोवर मुलांच्या हाती हे यंत्र दिले नव्हते, त्यांनाही ते द्यावे लागले. त्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातील कणकवली तालुक्यात एका विद्यार्थिनीस घरी रेंज मिळेना, म्हणून तिच्या भावांनी डोंगरावर झोपडी उभारून दिली आणि ती तेथे बसून शिकली, ही बातमी सर्वत्र गाजली. पुस्तकाच्या दुर्मिळतेची जागा रेंजच्या दुर्मिळतेने घेतली, असे त्या झोपडीकडे पाहून म्हणता आले असते.

आता मूल मोबाईलवर करते काय? मोठी माणसे समजतात की ते नुसते चित्रे पाहत बसते. वस्तुतः ते बोलत असते. नभोवाणी आली, १९७२ च्या ऑक्टोबरात मुंबई दूरदर्शन आले, तेव्हाही वाचन संपले अशी हाकाटी झाली होती. परंतु त्या दोहोंपुढे मूल श्रोता किंवा प्रेक्षक होते. मोबाईलवर ते मित्रांच्या कंपूत असते. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप समूह, मुंबईच्या मावसभावंडांचा समूह, इन्स्टाग्रामवरची ओळखीची आणि बिनओळखीची मंडळी, या साऱ्यांच्या बैठकीत ते दिवसभर बसलेले असते. त्यामुळे वाचनाच्या बाबतीत तीन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली गोष्ट पुस्तकाच्या निवडीची. पूर्वी कपाटाच्या काचेतून जे दिसे, अथवा ग्रंथपाल जे हाती ठेवी, ते मूल वाची. आज बरोबरीच्या मुलाने अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत एखाद्या कादंबरीची वाखाणणी केली, तर तीच हवी असते. कॉलीन हूव्हर या अमेरिकन लेखिकेची २०१६ साली निघालेली एक कादंबरी अशाच चित्रफितींमुळे पाच-सहा वर्षांनी पुन्हा विक्रीच्या शिखरावर गेली. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. पण मुलांची ती सवय इन्स्टाग्रामवर गेली एवढेच. असे मूल वाचनालयात येऊन नाव सांगते, पुस्तक नाही असे उत्तर ऐकते, आणि परत येत नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या प्रतीची. मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती टेलिग्राम व व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांतून फिरतात. लेखकास व प्रकाशकास त्यांतून कपर्दिकही मिळत नाही, आणि पाठविणाऱ्या मुलास आपण काही गैर करीत आहो याची कल्पनाही नसते. जे वाचन उजळ माथ्याने फुकट करता येते ते कोठे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांचा होतो. साने गुरुजी १९५० साली वारले. म्हणजे २०११ पासून त्यांचे लेखन कोणासही मोकळे आहे. मराठी विकिस्रोतावर असे जुने ग्रंथ ठेवले जातात, आणि विश्वकोशही मोबाईलवर वाचावयास मिळतो.

तिसरी गोष्ट खऱ्याखोट्याची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. अशा अफवा तेव्हा मोबाईलवरून देशभर पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास प्रतिबंध केला. यंत्राला मर्यादा घालता आली. परंतु हे खरे कशावरून, असा प्रश्न विचारण्याची सवय यंत्राने लावता येत नाही. ती शेजारी बसून लावावी लागते.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे वाचनालयाचे नवे काम स्पष्ट होते. मजकूर मुलाच्या हातात आलाच आहे. नाही ती बसावयास जागा, तोंडावर बोलणारी सोबत, आणि ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा जाणता मनुष्य.

जागेचे महत्त्व शहरांत केव्हाच उमगले आहे. पुण्यात व अन्य शहरांत स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका निघाल्या, आणि तेथे मुले स्वतःचीच पुस्तके, स्वतःचाच मोबाईल घेऊन येतात. पैसे देतात ते खुर्ची, दिवा व शांतता यांसाठी. खेड्यात ही गरज निराळ्या रूपाने आहे. गावातील मुलगा संध्याकाळी एस.टी.च्या थांब्यावर किंवा मैदानावर उभा राहू शकतो. नववीतील मुलीस घर, शाळा आणि देऊळ यांपलीकडे निःशंकपणे बसता येईल असे ठिकाण बहुधा नसते. मोबाईलवर तिचे दहा मैत्रिणींशी बोलणे होते, पण चार मैत्रिणींनी एकत्र बसावे कोठे? वाचनालयास जाते म्हटल्यावर जे घर नाही म्हणत नाही, त्या घरातील मुलीसाठी वाचनालय ही गावातील एकमेव मोकळी जागा ठरते. ते सायंकाळी लवकर बंद झाले, तर तिच्यासाठी बंद होते तेवढे दुसऱ्या कोणासाठी होत नाही.

या प्रश्नाला परस्परविरुद्ध दिसणारी दोन उत्तरे प्रत्यक्षात देऊन झाली आहेत. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ साली हायस्कुलातील मुलांसाठी ‘यूमीडिया’ नावाचे दालन उघडले. मुले यंत्रांच्या साहाय्याने आधी नुसती जमतात, मग हाताळून पाहतात, आणि शेवटी एखाद्या विषयात खोल शिरतात, असे मिमी इटो व त्यांच्या सहकाऱ्यांना संशोधनात आढळले होते. त्यानुसार त्या दालनात पुस्तकांच्या जोडीला संगणक, कॅमेरे व ध्वनिमुद्रणाची साधने ठेवली आणि शिकविणारी जाणती माणसे नेमली. बोलण्यास बंदी नव्हती. याच्या उलट टोकास सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तेथील ग्रामस्थांनी २०२२ साली ठरविले, की सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला म्हणजे घरोघर दूरदर्शनचे संच व मोबाईल बंद करावयाचे, आणि साडेआठपर्यंत वाचन, अभ्यास अथवा गप्पा यांत वेळ घालवावयाचा.

एकाने यंत्र आत घेतले, दुसऱ्याने दाराबाहेर ठेवले. तरी दोघांची मूळ दृष्टी एकच होती. मुलाला एकट्याने उपदेश करून भागत नाही. त्याच्या सोबत्यांसह त्याला वेळ नेमून द्यावा लागतो, आणि मोठ्यांनीही त्यात सामील व्हावे लागते. वडगावात भोंगा मुलांसाठी आणि आईबापांसाठी एकच होता, हे विसरता कामा नये.

कायद्याने बंदी घालावी, असेही पुष्कळांचे मत आहे. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अशा समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई झाली आहे. बंदीचा गुणदोष काहीही असो. बंदीमुळे रिकामी झालेली संध्याकाळ कोठे घालवावी, याचे उत्तर कायदा देत नाही. ते गावानेच द्यावयाचे असते.

हे उत्तर फार खर्चाचे नाही. बालविभाग आणि प्रौढ सभासद यांच्या मध्ये अडकलेल्या तेरा ते अठरा वयाच्या मुलांना अनामतीवाचून सभासद करून घ्यावे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीनंतर तासभर तरी दार उघडे ठेवावे. वर्षाच्या खरेदीतील थोडी पुस्तके त्यांनाच निवडू द्यावी. चित्रफितीत पाहिलेले पुस्तक त्यांनी मागितले तर नाक मुरडू नये, कारण त्या पुस्तकाच्या मागोमाग दुसरे देण्याची संधी ग्रंथपालास तेथेच मिळते. नवीन आलेल्या पुस्तकांची खबर मुलांच्या समूहावर मुलांनीच द्यावी. आठवड्यातून एकदा, समूहावर आलेला एखादा संदेश मधे ठेवून तो खरा की खोटा याचा शोध सर्वांनी मिळून करावा. आणि आंब्याच्या बागा, मासेमारी, जुन्या मुंबईच्या बोटी यांच्या आठवणी गावातील वृद्धांकडून त्याच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून वाचनालयात जपून ठेवाव्या. ज्या यंत्राने मूल घरातल्या आजीपासून दूर गेले, त्याच यंत्राने ते तिच्या शेजारी येऊन बसेल.

ग्रंथालय ही वाढणारी सजीव संस्था आहे, हे तत्त्व रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांत शेवटी मांडले. सजीव वस्तूला वाढावयाचे असेल, तर रूपही बदलावे लागते. आज जी मुलगी चौदा वर्षांची आहे, ती आणखी वीस वर्षांनी गावातील कर्त्या पिढीत असेल. वाचनालयाच्या अनुदानाचा, जागेचा, छप्पर शाकारण्याचा प्रश्न तेव्हा तिच्यापुढे येईल. त्या वास्तूत तिने कधी पाऊलच टाकले नसेल, तर ती वाचनालय कशासाठी वाचवील?

असो. आषाढातल्या पावसात वीज गेली, मोबाईलची बॅटरी संपली, की घरात क्षणभर सर्वजण एकमेकांकडे पाहतात. अशा वेळी मुलांनी छत्र्या उघडून ज्या दिशेने चालू लागावे, तेथे एक कंदील लावलेला असावा आणि दार लोटलेले नसावे. एवढी तजवीज ज्या गावाने केली, त्याला मुलांच्या हातातील मोबाईलचे भय बाळगण्याचे कारण नाही.