फुटते हे कळलं, पण कशी?
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणितावर भाषण म्हटल्यावर काहींची नजर चहाच्या टेबलाकडे गेली, ते दिसलं मला! पण आज मी फक्त एकाच संख्येबद्दल बोलणार आहे.

सदुसष्ट वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून १ वजा करा. येते ही एकवीस अंकी संख्या: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. प्रश्न असा, की ही मूळ संख्या आहे की संयुक्त? म्हणजे ३१ सारखी अभंग, की १५ सारखी ३ गुणिले ५ अशी फुटणारी?

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. पुढे १८७६ साली एदुआर ल्युका या गणितज्ञाने दाखवून दिलं, की ती संयुक्त आहे. गंमत म्हणजे तिचा एकही अवयव त्याला सापडला नव्हता!

हे कसं शक्य आहे? त्याच्या कसोटीचं पुढे लेहमर यांनी सोपं केलेलं रूप पाहू. पाच वेळा २ घेऊन गुणाकार केला आणि १ वजा केला, की येतात ३१. सुरुवात ४ पासून करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, ३१ ने भागून बाकी ठेवायची. ४ चे झाले १४. १४ चे १९४, बाकी ८. ८ चे ६२, बाकी शून्य! पाचापेक्षा दोन कमी, म्हणजे तिसऱ्या पायरीला शून्य आलं, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येला अशा ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. म्हणजे ती फुटते हे नक्की. कुठे फुटते, ते मात्र ही कसोटी सांगत नाही.

ते कळायला आणखी २७ वर्षं लागली. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी उत्तर मांडलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. असं सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर एकीकडे ती मोठी संख्या काढली, दुसरीकडे हा गुणाकार केला, उत्तरं जुळली आणि सभागृहात टाळ्या पडल्या. किती वेळ लागला असं विचारल्यावर ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार!

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीसारखा नवाचा ताळा करून बघा. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज करत गेलं की शेवटी १ उरतो, मोठ्या संख्येचाही १. ताळा जमला! आणखी एक खूण: दोन्ही अवयवांना ६७ ने भागलं की बाकी १ च उरते. अशा संख्यांच्या प्रत्येक अवयवाला हा नियम लागू असतो. त्यामुळे शोध थोडा आटोक्यात येतो, पण थोडाच.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली याच अडचणीतून कुलूप बनवलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगाला सांगायचा, अवयव स्वतःजवळ ठेवायचे. इंटरनेटवरच्या व्यवहारांची कितीतरी कुलपं अशीच आहेत. त्यांनी दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ साली सुमारे ६०० स्वयंसेवकांनी मिळून फोडली. २०२० मध्ये २५० अंकी फुटली. पण नेहमीच्या वापरातली कुलपं ६१७ अंकी असतात आणि त्या मापाची आव्हान म्हणून जाहीर केलेली संख्या अजून कुणाला फोडता आलेली नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. अवयव पाडण्याची सोपी रीत नाहीच, असं आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही. ती अजून सापडलेली नाही, एवढंच. आपल्या पैशांची राखण त्या 'अजून'वर चालली आहे.

जाता जाता मुलांसाठी गृहपाठ. अकरा वेळा २ घेऊन गुणाकार करा आणि १ वजा करा. येतात २०४७. मूळ की संयुक्त? कॅल्क्युलेटर नको. ११ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्या तेवढ्या तपासा. उत्तर पहिल्याच प्रयत्नात हाती लागेल.

आता चहा घ्या!