लोकसेवकांचा गौरव : का आणि कसा

(नागरी सेवा दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी २१ एप्रिल हा दिवस देशभर नागरी सेवा दिन म्हणून पाळण्यात येतो. १९४७ साली याच दिवशी सरदार वल्लभभाई पटेल यांनी दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये प्रशासन सेवेच्या प्रशिक्षणार्थींच्या पहिल्या तुकडीसमोर भाषण केले होते. त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून २००६ पासून हा दिवस साजरा होऊ लागला. या निमित्ताने उत्तम कामगिरी बजावणाऱ्या अधिकाऱ्यांना गौरविले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु राज्यकारभाराचा गाडा केवळ अधिकाऱ्यांच्या निर्णयावर चालत नाही. निर्णय कागदावर उतरल्यानंतर तो नदीपलीकडच्या वाडीपर्यंत पोचविणारा एक मोठा वर्ग असतो. फेरीबोटीवरील खलाशी, विजेच्या खांबावर चढणारा लाईनमन, प्राथमिक शिक्षक, तलाठी, आरोग्य सेविका ही सारी त्या वर्गातील माणसे होत. समाजाने त्यांचा गौरव का करावा आणि कसा करावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या मंडळींच्या कामाचा एक विशेष असा की, ते नीट चालले असता कोणाच्या ध्यानातही येत नाही. दिवा लागला तर लाईनमनची आठवण कोणाला होत नाही, दिवा गेला म्हणजे मात्र त्याचा शोध सुरू होतो. त्यामुळे समाजाच्या मनात सरकारी कर्मचाऱ्याची जी प्रतिमा उमटते, ती त्याच्या कामातील खंडाची असते. अखंड चाललेल्या कामाची नसते. हा अन्याय बुद्धिपुरस्सर केलेला नाही, पण अन्याय तो आहेच. गोव्यातील काही उदाहरणे पाहिली असता हे अधिक स्पष्ट होईल.

पणजी आणि बार्देश यांना जोडणारा मांडवीवरील नेहरू पूल १९७० साली बांधण्यात आला. पूल झाल्यावर धक्क्यावरच्या गर्दीची सवय लोक विसरले. पुढे १९८६ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, हा पूल कोसळला. उत्तर गोव्यातून राजधानीत कचेरीला, महाविद्यालयाला आणि बाजाराला येणाऱ्या लोकांचा भार पुन्हा फेरीबोटींवर येऊन पडला. पावसाळ्यात मांडवीला ओढ असते, भरती-ओहोटीने धक्क्याची पातळी सतत बदलते, आणि वाहने बोटीवर चढविताना अंदाज जरा चुकला तरी अनर्थ ओढवतो. नवा पूल १९९२ साली झाला. मधल्या काळात पणजी आणि बेती यांच्या दरम्यान ज्यांनी ही वाहतूक सांभाळली, ते नदी परिवहन खात्याचे चालक आणि खलाशी होते. पूल कोसळल्याची तारीख लोकांना आठवते, बोटी चालविणाऱ्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. दिवाडी बेटावर पूल नाही. तेथील रहिवाशांचे दैनंदिन जीवन आजही फेरीच्या वेळापत्रकाशी बांधलेले आहे. रात्री एखाद्या रुग्णाला पैलतीरी न्यावयाचे असेल तर धक्क्यावरचा खलाशी हाच पहिला आधार ठरतो.

दुसरे उदाहरण वीज खात्याचे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. असंख्य झाडे उन्मळून तारांवर पडली, खांब मोडले आणि राज्याचा मोठा भाग अंधारात बुडाला. त्याच सुमारास कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. घरोघरी रुग्ण होते आणि विजेवाचून तास काढणे हा त्यांच्यापुढे जीवनमरणाचा प्रश्न होता. अशा वेळी झाडे तोडीत, तारा ओढीत कर्मचारी रस्त्यांवर उतरले होते. इतरांना घराबाहेर पडू नका असे सांगितले जात असताना, यांना घरी थांबण्याची मुभा नव्हती. ओल्या खांबावर चढणारा माणूस आपल्या जिवाची जोखीम पत्करीत असतो, ही गोष्ट वीज आल्याच्या आनंदात विसरली जाते.

धोका नेहमी वादळाच्याच रूपाने येतो असे नाही. २०१५ साली सत्तरी तालुक्यात माकडतापाचा उद्रेक झाला. हा रोग गोचिडीच्या चाव्याने पसरतो, आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाच्या आसपास येतो. ज्या डोंगरात जाऊ नये असे आरोग्य सेवकाने सांगावयाचे, त्याच डोंगरावर कष्टकरी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते. केवळ मनाई करून भागण्यासारखे नव्हते. अंगाला लावण्याचे तेल वाटणे, तापाच्या रुग्णांचा शोध घेणे, लस टोचून घेण्यास लोकांना राजी करणे, अशी कामे घरोघर हिंडून करावी लागली. ती लस टोचताना दुखत असे. शिवाय एक मात्रा घेऊन भागत नसे, महिन्याने दुसरी आणि पुढे वर्धक मात्राही घ्यावी लागे. पहिल्या सुईला कंटाळलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्यांदा जाऊन उभे राहण्यास केवळ हुकूम पुरत नाही. त्यासाठी स्वभावात चिकाटी आणि बोलण्यात माया असावी लागते.

याहून शांतपणे चाललेले, परंतु दूरगामी परिणामाचे काम शिक्षक आणि महसूल कर्मचारी यांचे आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर आणि विशेषतः १९६३ साली दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर, गोव्याच्या खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा उघडण्यात आल्या. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे अशा तालुक्यांत जेथे धड रस्ता नव्हता, तेथे शिक्षक पायी गेले. कित्येक शाळा देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या तरी पडवीत भरल्या. त्या शाळांतून ज्यांनी प्रथम पाटी हाती धरली, त्यांच्या घराण्यात अनेकदा तोपर्यंत कोणी अक्षर गिरविलेले नव्हते.

जमिनीची गोष्टही तशीच. कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ साली झाला, मुंडकारांच्या घरांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी झाली. कायदे विधानसभेत संमत झाले खरे, पण कसणाऱ्याचे नाव कागदावर चढावयाचे तर आधी जमिनीचे मोजमाप आणि हक्कांची नोंद हवी होती. १९६८ च्या जमीन महसूल संहितेनुसार हे काम हाती घेण्यात आले. खाजनाच्या चिखलात, मोरडीच्या बांधावर आणि काजूच्या डोंगरात साखळी ओढीत भूमापक हिंडले. आज जो एक-चौदाचा उतारा लोक सहज मागतात, त्याच्या मुळाशी ही पायपीट आहे. तलाठ्याने प्रामाणिकपणे केलेली एक नोंद एखाद्या मुंडकाराचे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या राखू शकते, आणि निष्काळजीपणे केलेली नोंद त्याला आयुष्यभर मामलेदार कचेरीचे उंबरठे झिजवावयास लावू शकते.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम उच्चारले आहे. कचेऱ्यांतील दिरंगाई, उद्धटपणा आणि लाचलुचपत यांविषयीच्या तक्रारी खोट्या नाहीत. गौरव करावयाचा म्हणजे दोषांवर पांघरूण घालावयाचे, असा समज कोणीही करून घेऊ नये. उलट, चांगल्या कर्मचाऱ्याची वेगळी ओळख ठेवली नाही, तर त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. तो दुसऱ्यांची कामे ओढतो आणि दुसऱ्यांच्या दोषांचा बोलही त्यालाच लागतो. सगळे सरकारी नोकर सारखेच, या एका वाक्याने आळशी माणसाला आडोसा मिळतो आणि कष्टाळू माणसाचे मन खचते. म्हणून डोळस कौतुक हा उत्तरदायित्वाचाच एक भाग मानला पाहिजे.

आता हा गौरव कसा व्हावा? निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चार भाषणे, एवढ्यावर आपली प्रथा थांबली आहे. तीत जिव्हाळा असतो हे खरे, पण तोवर कर्मचाऱ्याची सारी सेवा संपलेली असते. त्याहून उपयुक्त अशा तीन गोष्टी सुचविता येतील. पहिली ही की, तक्रारीचा अर्ज जसा लेखी दिला जातो तसाच चांगल्या कामाचा अभिप्रायही नागरिकांनी खातेप्रमुखाकडे लेखी पाठवावा. त्यात तारीख, ठिकाण आणि नेमके काम नमूद असावे. अशा पत्राची दखल घेऊन त्याची नोंद सेवापुस्तकात करण्याचा पायंडा कार्यालयांनी पाडावा. दुसरी, ग्रामसभेत वर्षातून एकदा गावात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामाचा उल्लेख नावानिशी व्हावा, आणि गावच्या शाळेत आजवर शिकविलेल्या शिक्षकांची यादी भिंतीवर लागावी. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. लाईनमनला हातमोजे आणि सुरक्षा पट्टा, खलाशाला चांगले जीवरक्षक जाकीट, आरोग्य सेविकेला प्रवासाची सोय मिळते की नाही, याची विचारपूस लोकांनी आपल्या प्रतिनिधींकडे करावी. ज्याच्या जिवाची काळजी घेतली जात नाही, त्याच्या गळ्यात घातलेला हार पोकळच ठरतो.

जून महिना जवळ येत आहे. लवकरच वारा सुटेल, झाडे पडतील, नद्यांना पूर येतील आणि रात्री-अपरात्री कोठल्या तरी कचेरीतील दूरध्वनी वाजेल. त्या हाकेला ओ देऊन छत्री किंवा विजेरी घेऊन निघणाऱ्या माणसाला त्याच्या नावाने ओळखणारे गाव लाभावे, इतकी अपेक्षा आजच्या दिवशी व्यक्त करणे उचित होईल.