मान हलवण्याची सवय



पदवीधर मित्रांनो, यशाबद्दल बोला, असं मला सांगितलंय. पण पिंपळगावात आलो की मला इथलीच एक जुनी बैठक आठवते.

मी याच भागातला. राहुरीला कृषी विद्यापीठात गेलो तेव्हा 'कव्हा', 'तव्हा', 'पानी' असंच बोलायचो. वसतिगृहातली मुलं हसायची. मग रात्री गच्चीवर एकटाच 'पाणी, आणि, कोण' घोकत बसायचो. दिवाळीला घरी आलो, विहिरीवर वडिलांना विचारलं, "पाणी सोडू का?" ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ते माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं जपून बोलू लागले.

पुढे शेती-औषधांच्या कंपनीत लागलो. तिथं बोलीपाठोपाठ मतंही बदलली. आमच्या धंद्याबद्दल माझी जुनी तक्रार आहे. शेतकऱ्याला सल्ला द्यायला ज्याला पाठवतात, त्याची पगारवाढ तो किती लिटर खपवतो यावर ठरते. 'मला माहीत नाही' म्हणणं तर आमच्यात कमीपणाचं. बांधावर उभं राहून हे तीन शब्द म्हणणारा अधिकारी मी क्वचितच पाहिला.

पिंपळगावच्या त्या बैठकीत द्राक्ष बागायतदारांपुढे विषय होता सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचा. खरड छाटणीनंतर फूट 5-7 पानांवर आली की शेंड्याची वाढ रोखायला, काडीत घड तयार व्हायला बागायतदार ते मारायचे. शेजारच्याने मारलं म्हणून आपणही. मागच्या ओळीतल्या एका काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "साहेब, हे झाडात मुरतंय. मंग मन्यात उतरत नसंल कशावरून?"

माझे वरिष्ठ म्हणाले, "एवढे लोक मारतात, कुणाचं काही बिघडलं का?" सगळे हसले. मला शंका होती. तरी मी मान हलवली आणि हसलो.

2010 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अंश सापडले. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. माल तिकडे अडकला, इथं भाव पडले, आणि कर्जाचे हप्ते बागायतदाराच्या गळ्यात राहिले. आम्ही सल्ला देणारे पगारावर होतो.

उद्या तुम्ही बँकेत, शाळेत, बाजार समितीत बसाल. सगळे हो म्हणत असताना मनात शंका आली, तर बैठक उठायच्या आत बोला. घरच्या बोलीत बोला, आवाज कापला तरी बोला. बाहेर चहाच्या टपरीवर बोललेल्याचा कुणाला उपयोग होत नाही; तसं बोलणं मी पुष्कळ वेळा केलंय.

काकांनी पुढे बाग काढली. तिथं आता टोमॅटो असतो. मी दोनदा त्यांच्या बांधापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आता ते हयात नाहीत. त्यांना द्यायचं उत्तर एवढंच होतं: "उतरतं, काका."