जिभेचें पथ्य

घरांतील कोणास छिन्नमनस्कतेचा विकार जडला, म्हणजे औषधाचें पथ्य आपण रोग्यास सांगतों. परंतु जिभेचें पथ्य घरच्या मंडळींनीं पाळावयाचें असतें.

लंडनमधील ब्राउन, बर्ली व विंग या संशोधकांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेली पाहणी याची साक्ष देते. इस्पितळांतून घरीं परतलेल्या १०१ रोग्यांपैकीं, ज्यांच्या घरीं टोचून बोलणें, तिरस्कार किंवा अतिकाळजी होती, त्यांतील शेंकडा ५८ जणांचें दुखणें नऊ महिन्यांत उलटलें. शांत घरांतील शेंकडा १६ जणांचेंच. घरच्यांमुळें रोग होतो, असा याचा अर्थ नव्हे. आणि औषधें तर चालूं ठेवलींच पाहिजेत.

‘शेजारी माझ्या अन्नांत विष घालतात,’ असें रोगी म्हणाला, तर वाद घालूं नये. होकारहि देऊं नये. ‘तुला भीति वाटते हें मला कळतें, मी जवळच आहें,’ एवढेंच म्हणावें.

कठोर घरांतहि सहवास आठवड्यास ३५ तासांहून कमी असला, तर धोका घटतो, असें त्याच पाहणींत आढळलें. म्हणून रात्रंदिवस पहारा करणाऱ्या मातेस घरांतील दुसऱ्या कोणीं रोज कांहीं तास मोकळें करावें. थकलेल्या जिवाच्या तोंडीं गोड शब्द फार काळ टिकत नाहींत.