उन्हाळी लागते ती कशाने?

(महिला आरोग्य मेळाव्यातील भाषण)



लघवीला जळजळ होणं, थेंबथेंब होणं, सारखं जावंसं वाटणं. आपल्याकडे याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं आणि अंगावर काढायचं, ही आपली रीत. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तरी सांगायची लाज! सांगितलंच तर 'स्वच्छता ठेवत नाहीस' हा ठपका, नाहीतर थेट चारित्र्यावर संशय. म्हणून आज या दुखण्यामागचं विज्ञान सांगणार आहे. ते कळलं की दोष कुठे ठेवायचा हेही कळतं.

बहुतेक वेळा हा त्रास ई. कोलाय या जंतूमुळे होतो. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईच्या शरीरात गुदद्वार आणि मूत्रद्वार जवळजवळ असतात. मूत्रमार्गही जेमतेम ४ सेंटिमीटरचा. पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटरचा. म्हणजे जंतूला मूत्राशय गाठणं आपल्यात सोपं जातं. संबंधाच्या वेळी तो आत ढकलला जाऊ शकतो, पण म्हणून हा गुप्तरोग ठरत नाही.

मात्र नुसतं पोचून जंतूचं भागत नाही. लघवीबरोबर वाहून जायचं नसेल तर त्याला काहीतरी धरून राहावं लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. १९५९ साली चार्ल्स ब्रिंटन या शास्त्रज्ञाने त्यांना 'पिलाय' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'पिलस' म्हणजे केस. गवतातून चालताना लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात, तसा हा जंतू चिकटतो. तंतूच्या टोकाशी एक प्रथिन असतं. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते. कुलपात किल्ली बसावी तसं ते प्रथिन त्या साखरेवर बसतं. मूत्रपिंडातल्या पेशींवरची साखर वेगळी. तिला धरणारे वेगळे तंतू काही ई. कोलायकडे असतात. असे जंतू वर चढले तर थंडी वाजून ताप येतो, कुशीत कळा येतात. तेव्हा घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदरपणात तर साध्या जळजळीलाही दाखवायलाच हवं.

या तंतूची करामत पाहा. तो स्प्रिंगसारखा वेटोळ्यांचा असतो. लघवीची धार आली की वेटोळी उलगडून लांबतो, तुटत नाही. आणि टोकाची पकड उलट घट्ट होते. चिकटलेले काही जंतू पेशीच्या आत शिरून लपतात. औषधाने बरं वाटतं आणि काही आठवड्यांनी दुखणं पुन्हा उद्भवतं, त्याचं हे एक कारण. दर वेळी 'गोळ्या नीट घेतल्या नाहीस' म्हणून बाईलाच बोलणं बरोबर नाही.

मग लघवी करून उपयोग काय? उपयोग आहे. जे अजून चिकटलेले नाहीत ते वाहून जातात. अनुकूल स्थितीत ई. कोलायच्या एकाचे दोन व्हायला सुमारे २० मिनिटं पुरतात. लघवीत हा वेग कमी असतो, पण सहा-सात तास अडवून धरली तर जंतूंना वाढायला आणि चिकटायला निवांत वेळ मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. त्यातल्या निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांचं दुखणं जवळपास निम्म्यावर आलं. याउलट मॅनोजची पूड घेऊन त्रास टळतो का, हे ब्रिटनमध्ये सुमारे ६०० स्त्रियांवर तपासलं, तेव्हा फायदा दिसला नाही. २०२४ सालची ही गोष्ट. तेव्हा महागड्या डब्यांवर पैसे घालवू नका.

पाणी फुकट आहे, असं कुणी म्हणेल. पण ते प्यायल्यावर जायचं कुठे? ऊसतोडणीला गेलेली बाई, बाजारात भाजी विकणारी, चार घरची कामं करणारी, एसटीची कंडक्टर यांना विचारा. घरून निघताना त्या पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जागा नाही. असली तर कडी नाही, पाणी नाही. जंतूचे तंतू निसर्गाने दिले, पण त्याला हा निवांत वेळ आपल्या व्यवस्थेने दिला आहे.

कारखान्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय हवी, असं १९४८ चा कारखाना कायदा सांगत होता. २०११ पासून मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा अन्याय तिने चव्हाट्यावर आणला. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांतल्या सोयींबाबत निकाल देताना, स्वच्छतागृह हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं.

तेव्हा दोन गोष्टी करा. जळजळ झाली की अंगावर काढू नका. लघवी तपासून घ्या, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. आणि आपल्या बाजारात, स्टँडवर, कामाच्या जागी बायकांसाठी किती मुताऱ्या आहेत, त्यातल्या किती उघड्या असतात, पाणी आणि कडी कितींना आहे, हे मोजून लिहून काढा. ती यादी घेऊन ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जाऊ. तिथे 'लघवी' हा शब्द मोठ्याने उच्चारायला लाजू नका.