घरची माटोळी

भाद्रपद शुद्ध तृतीयेला गोव्यात ‘तय’ म्हणतात. त्या दिवशी दुपारनंतर एखाद्या जुन्या हिंदू घरात डोकावले, तर देवाच्या खोलीत एक ठरावीक दृश्य दृष्टीस पडते. वर्षभर माळ्यावर पडून असलेली लाकडी चौकट खाली आलेली असते. तिच्यावरील कोळिष्टके झाडून ती ओल्या फडक्याने पुसलेली असते, आणि जमिनीवर सुपे, टोपल्या व केळीची पाने यांवर रानातील आणि परसातील नाना जिन्नस पसरलेले असतात. घरातील कर्ता पुरुष स्टुलावर उभा राहतो आणि एकेक जिन्नस नावाने मागतो. कवंडळ, घागऱ्या, कांगोणी, कुड्याची शेंग. खाली बसलेल्या मुलांनी तो तो जिन्नस ओळखून वर द्यावयाचा. चुकीचा दिला तर तो परत येतो, आणि त्याबरोबर आजीचे हसूही ऐकावे लागते. वनस्पतींची ओळख करून देणारा याहून चांगला वर्ग एखाद्या शाळेत भरत असेल, तर त्या शाळेचे अभिनंदनच केले पाहिजे.

गणपतीच्या मस्तकावर छताला टांगलेली फळाफुलांची ही चौकट म्हणजे माटोळी. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. कारवारच्या बाजूस फळावळ या नावाने ती ओळखली जाते. गोव्यातील काही घराण्यांत मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरील चित्राची अथवा नुसत्या पत्रीची पूजा होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि मूर्तिपूजेवर संकट ओढवले, त्या काळाशी या प्रथेचा संबंध जोडला जातो. अशा घरांत मूर्ती नसली तरी माटोळी असते.

घराची शोभा करावयाची म्हणजे बाजारातून काहीतरी विकत आणावयाचे, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की, माटोळीही तिच्यातून सुटलेली नाही. प्लास्टिकची केळी, प्लास्टिकची द्राक्षे आणि थर्मोकोलचे मखर ही मंडळी प्रथम आली. त्यांच्यामागून झगमगत्या दिव्यांच्या माळा आल्या. हल्ली तर चौकटीसकट तयार माटोळीही मिळू शकते. म्हापसा, पणजी, फोंडा येथे चतुर्थीच्या आधी भरणारा माटोळीचा बाजार ही काही वाईट गोष्ट नव्हे. सत्तरी, सांगे यांसारख्या रानालगतच्या भागांतून डोक्यावर आणि टेम्पोत माल घेऊन येणाऱ्या कष्टाळू माणसांना त्यातून चार पैसे मिळतात, आणि शहरात राहणाऱ्याला रान गाठणे शक्य नसते. परंतु बाजारातून एकत्र बांधलेली जुडी आणावी, ती जशीच्या तशी चौकटीला लटकवावी, आणि तिच्यात काय काय होते हे घरातील कोणालाच ठाऊक नसावे, असे होऊ लागले की पैसाही जातो आणि माटोळीही जाते. राहते ती हिरवी झालर. निदान विकणाऱ्या बाईला प्रत्येक जिनसाचे नाव विचारण्यास काही मोल पडत नाही. ती आनंदाने सांगते, असाच पुष्कळांचा अनुभव आहे.

आता माटोळी बांधावयाची कशी, हे पाहू. ज्यांच्या घरी वडिलार्जित चौकट आहे त्यांना चिंता नाही. ज्यांना ती नव्याने करावयाची आहे, त्यांनी सुताराकडे धाव घेण्याचे कारण नाही. पोफळीच्या खोडाच्या चिरफळ्या किंवा बांबूच्या कामट्या यांची चौकट घरच्या घरी होते. लहान खोलीला तीन फूट लांब व दोन फूट रुंद एवढी चौकट पुरे. तिच्यात सहा-सहा इंचांच्या अंतराने उभ्या-आडव्या पट्ट्या घालून जाळी करावी आणि प्रत्येक छेदावर दोरीने फुलीची गाठ मारावी. खिळा मारला की बांबू चिरतो, म्हणून खिळ्याचा मोह टाळावा. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक अशा पाच दोऱ्यांनी ती टांगावी. मधली दोरी पुष्कळजण विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी चौकटीचे पोट खाली आलेले दिसते. फळे बांधण्यापूर्वी दहा किलो तांदळाची पिशवी चौकटीला तासभर अडकवून ठेवली, म्हणजे आढे आणि दोरी यांची परीक्षा होऊन जाते. मूर्तीच्या मुकुटावर नारळ पडण्यापेक्षा तांदूळ जमिनीवर पडलेले बरे.

बांधण्यासाठी दोरी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. रानालगतची माणसे केवणीच्या सालीचा वाक वापरतात. मुरुडशेंग, म्हणजे पिळे पडलेली ती औषधी शेंग, ज्या झुडपाला येते तीच ही केवण. तिच्या सरळ फांद्या पाण्यात भिजत ठेवून वरची साल खरवडली, की आतून चिवट, पांढुरक्या पट्ट्या निघतात. वाक ओला असताना बांधावा. वाळला की गाठ आपोआप आवळते. शिवाय पट्टी रुंद असल्यामुळे ती देठात रुतत नाही. नायलॉनची दोरी गुळगुळीत, तिची गाठ सरकते. तारेने तर काकडीचा देठ सुरीने कापावा तसा कापला जातो. वाक न मिळाल्यास केळीच्या सोपाच्या पट्ट्या सावलीत सुकवून, बांधण्याआधी पाण्यात बुडवून घ्याव्यात. तेही न जमल्यास काथ्या आहेच. उत्सव संपल्यावर या तिन्हींची माती होते, ही गोष्ट वेगळी सांगावयास नको.

जिनसा चढविण्याचाही एक क्रम आहे. प्रथम कडेने आंब्याचे टाळे. मग जड वस्तू: सोललेला किंवा शेंडीसह नारळ, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा लहान घड, पपनस, नीरफणस, दुधी. या सर्व पट्ट्यांच्या छेदाखाली याव्यात, मोकळ्या पट्टीवर नव्हेत. काकडी आणि चिबूड यांना देठाचा भरवसा नसतो. त्यांना वाकाचे लहानसे शिंके करून त्यात बसवावे, आणि चिबूड अर्धकच्चाच निवडावा. पिकलेला चिबूड ऐन आरतीच्या वेळी फुटल्याच्या कथा घरोघर आहेत. दोडकी, पडवळे, भेंडी, आंबाडे यांना चार बोटे देठ ठेवून तोडले म्हणजे ती अधिक टिकतात.

त्यानंतर रानाची पाळी येते. माटोळीचे खरे सौंदर्य येथे आहे, कारण परसातील भाजी सगळीकडे सारखीच. कवंडळाची लालभडक गोटी हिरव्या पानांत अशी उठून दिसते की, तिच्यापुढे विजेचा दिवा फिका वाटावा. घागऱ्यांच्या शेंगा वाळल्या म्हणजे आतले दाणे खुळखुळतात. कुड्याच्या शेंगा लांब, बारीक आणि जोडीजोडीने लोंबणाऱ्या. कांगोणीचे घोस, करमळाची टणक फळे, आणि कळलावीची ज्वालेसारखी वळलेली पिवळी-तांबडी फुले. यांपैकी कवंडळ केवळ पाहण्यासाठी आहे, खाण्यासाठी नव्हे. कळलावी तर सर्वांगी विषारी आहे, विशेषतः तिचा कंद. म्हणून ती चौकटीच्या मध्यभागी, मुलांचा हात पोचणार नाही अशी बांधावी आणि नंतर हात धुवावेत. विषारी वस्तू देवाच्या डोक्यावर कशाला, असे एखादा विचारील. जुन्या लोकांनी औषध आणि विष एकाच रानात पाहिले होते, आणि दोन्ही ओळखता आली पाहिजेत याची त्यांना गरज होती. माटोळीत जे वर्षातून एकदा डोळ्यांसमोर टांगले जाई, ते उरलेल्या वर्षात पायवाटेवर ओळखू येई.

कोणाच्या माटोळीत किती जिनसा, याला पूर्वी फारसे महत्त्व नव्हते. अलीकडे राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या स्पर्धा होतात आणि त्यांत शेकडो जिनसांच्या भव्य माटोळ्या पाहावयास मिळतात. या स्पर्धांनी पुष्कळ विस्मृत नावे पुन्हा लोकांच्या तोंडी आणली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण संख्येची हौस वाढली की, जे झाड डोंगरात चारच उरले आहे त्याचीही फांदी तोडण्याचा मोह होतो. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहेच. पण कायदा दूर राहतो आणि कोयता हातात असतो. एका वेलाची सगळी फळे न घेता दोन घ्यावीत, फांदी न मोडता घोस कापावा, मूळ उपटू नये. कळलावीचे फूल काढताना कंद जमिनीतच राहिला, तर पुढच्या पावसाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उभी राहते. वीस जिनसांची माटोळी, जिच्यातील वीसही जिनसा घरातील मुलांना ओळखता येतात, ही तीनशे जिनसांच्या माटोळीपेक्षा गरीब नव्हे.

गोवा सोडून जी मराठी कुटुंबे इतरत्र स्थायिक झाली, त्यांना हे सारे ऐकून हळहळ वाटण्याचा संभव आहे. इंदूरला करमळ कोठून आणावे? परंतु माटोळीचा आग्रह विशिष्ट फळासाठी नाही. भाद्रपदात त्या मातीत जे येते ते देवापुढे यावे, एवढाच तो आहे. हैदराबादच्या मराठी घरांना तर याचे उदाहरण शेजारीच सापडेल. तेथील तेलुगू कुटुंबांत विनायक चवितीला मूर्तीवर ‘पालवेल्ली’ टांगतात. तीही लाकडी जाळीच असते. तिला हळद माखून कुंकवाचे ठिपके देतात आणि आंब्याची पाने, मक्याची कणसे, पेरू, डाळिंब, कवठ असे तिला बांधतात. माटोळी आणि पालवेल्ली शेजारी-शेजारी ठेवल्या, तर त्या दोघी बहिणी आहेत हे सांगावयास पंडित लागणार नाही. त्याच प्रदेशात पुढे भाद्रपद अमावास्येपासून बतुकम्मा रचतात, ती तरवड आणि कुरडू यांसारख्या माळावरच्या फुलांची. ज्या फुलांकडे एरवी कोणी ढुंकून पाहत नाही, त्यांना तेथे वर्षातून नऊ दिवस मान मिळतो.

माळव्यात भाद्रपदात मक्याची कोवळी कणसे असतात. सालपटे मागे उलटून वेणीसारखी गुंफली की त्यांची देखणी तोरणे होतात. बडोद्याकडे बाजरीची हिरवी कणसे, तुरईच्या कोवळ्या काकड्या, एरंडाचे काटेरी घोस मिळतात. एरंडाच्या बिया मात्र विषारी असल्याने तेही मुलांच्या हातापासून दूरच राहावेत. बेळगावकरांना तर रान जवळच आहे. हौस असेल त्याने आपल्या गावच्या भाजीबाजारात न जाता, भाजी घेऊन येणाऱ्या खेडुतालाच आदल्या आठवड्यात सांगून ठेवावे की, ‘बांधावर जे उगवले असेल ते थोडे घेऊन या’. तो प्रथम आश्चर्य करील आणि नंतर टोपलीभर वस्तू आणील.

अडचण येते ती सदनिकेत. तेथे आढे नाही, कडी नाही, आणि सिमेंटच्या छताला भोक पाडण्यास घरमालक राजी नसतो. अशा ठिकाणी बांबूचे चार खांब मातीने किंवा वाळूने भरलेल्या चार डब्यांत रोवून, वरच्या बाजूस आडव्या बांबूंनी जोडून घ्यावेत आणि त्यांवर चौकट ठेवावी. माटोळी हलकीच बांधावी: एक नारळ, बाकी शेंगा, घोस आणि पाने. समईची ज्योत वाळणाऱ्या पानांच्या खाली येणार नाही आणि पंख्याचा वारा चौकटीवर थेट लागणार नाही, एवढे पाहिले की झाले. पंख्याने पाने एका रात्रीत मलूल होतात.

दीड दिवसाच्या गणपतीला माटोळीची काळजी घेण्याचा प्रश्न येत नाही. पाच किंवा सात दिवसांच्या घरी मात्र रोज सकाळी तिच्याखालून एक नजर फिरवावी. काकडीचा देठ काळा पडू लागला, केळ्याला पाणी सुटले, तर तो जिन्नस उतरवून त्याच्या जागी पानांचा टाळा बांधावा.

विसर्जन झाल्यावर माटोळी सोडावयाची ती उलट क्रमाने. फळे प्रसाद म्हणून शेजारीपाजारी जातात, भाज्या स्वयंपाकघरात, पाने व वाक माडाच्या आळ्यात. पिकून पिवळी पडलेली एखादी काकडी आणि जून झालेले एखादे दोडके मात्र आजी बाजूला काढते. त्यांचे बी राखेत घोळून ती पुढच्या मृगासाठी डब्यात घालून ठेवते. चौकट पुन्हा ओल्या फडक्याने पुसली जाते, उरलेल्या वाकाची गुंडाळी तिच्याच एका पट्टीला अडकवली जाते, आणि दोघांनी धरून ती माळ्यावर चढवतात.